आमांशाचा अमीबा आणि त्याच्या कात्र्या

शाळांना सुट्टी लागली की बर दुबईतल्या आपल्या इमारती निम्म्या रिकाम्या होतात. मंडळी पुणे, नाशिक, रत्नागिरी, बेळगाव गाठतात, ऐन पावसाळ्यात पाणीपुरी आणि उसाच्या रसाचा समाचार घेतात आणि ऑगस्टअखेर परततात. मग कुणाचे पोट बिघडले की घरच्या घरी निदान होते, 'आव झालीय, मेट्रोनिडाझोल घे.' गोळ्यांची पट्टी भारतातून येताना आणलेली असतेच.

वाचकहो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तेव्हा औषधाची मात्रा येथे मिळणार नाही. पण हा एकपेशीय जीव आपल्या आतड्याची तटबंदी कशी फोडतो हे समजले, की डॉक्टर दोन वेगवेगळी औषधे का देतात आणि नुसत्या 'अमीबा सापडला' या रिपोर्टवर का थांबत नाहीत, हेही समजते.

या अमीबाचे नाव एन्टामिबा हिस्टॉलिटिका. १९०३ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ शाउडिन यांनी ते ठेवले. हिस्टॉलिटिका म्हणजे ऊती विरघळवणारा. नावातच सगळे आले.

तो आपल्या पोटात येतो तो पुटीच्या रूपात, म्हणजे जाड कवचात झोपलेला. पुटी साधारण १० ते २० मायक्रॉनची, डोळ्यांना न दिसणारी. जठरातले आम्ल तिचे काही बिघडवत नाही, आणि नळाच्या पाण्यात असते तेवढ्या क्लोरीनलाही ती दाद देत नाही. पाणी उकळले की मात्र मरते. लहान आतड्यात कवच फुटते आणि जागा झालेला अमीबा मोठ्या आतड्यात मुक्काम ठोकतो. बहुतेक वेळा तो तिथे जिवाणू खात निमूट राहतो आणि यजमानाला पत्ताही लागत नाही.

बिघडते कुठे? आतड्याच्या आतून चिकट श्लेष्म्याचा थर असतो. आपण त्याला शेंबूड म्हणून हिणवतो, पण ती आपली पहिली भिंत आहे. म्युसिन नावाच्या प्रथिनाच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतून तिची जाळी होते, आणि साखळ्यांवर शर्करेची दाट झूल असते. अमीबाच्या अंगावरचे एक प्रथिन या शर्करेला घट्ट धरते. मग तो एन्झाइम सोडतो. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणत. यातली मुख्य टोळी सिस्टीन प्रोटिएज, म्हणजे प्रथिने कापणाऱ्या कात्र्या. २००५ साली या अमीबाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात अशा कात्र्यांची पन्नासच्या आसपास जनुके आहेत, मात्र प्रयोगशाळेत वाढवलेल्या अमीबात बहुतेक काम दोन-तीन कात्र्याच करताना दिसतात.

मला सर्वांत चकित केले ते पुढच्या गोष्टीने. शर्करेच्या झुलीमुळे साखळीचा मधला भाग कात्रीला सहज कापता येत नाही. म्हणून अमीबा साखळीच्या टोकाशी, जिथे झूल विरळ आहे आणि जिथे साखळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, तिथे कापतो. सगळे धागे कापायची गरजच नाही. गाठी सुटल्या की जाळी उसवते. खालच्या पेशी उघड्या पडल्या की त्या पेशींना धरून ठेवणारी प्रथिनेही याच कात्र्यांनी तुटतात. प्रतिकारासाठी आलेल्या प्रतिपिंडांचे ते तुकडे करतात. एवढ्यावर थांबत नाही. आपल्या पेशी दाह सुरू करणारा एक संदेश निष्क्रिय रूपात साठवून ठेवतात. अमीबाची कात्री तोही कापते आणि जागा करते. मग जो दाह उसळतो त्याने आपल्याच आतड्याची आणखी नासधूस होते. पेशी मारायला त्याच्याकडे छिद्रे पाडणारी प्रथिनेही आहेत, आणि जिवंत पेशीचे तो चक्क लचके तोडतो, हे २०१४ साली दाखवले गेले.

आता तपासणीकडे. याच अमीबाचा एक जुळा भाऊ आहे, एन्टामिबा डिस्पार. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या पुट्या हुबेहूब सारख्या. पण डिस्पारमध्ये सीपी ५ नावाच्या महत्त्वाच्या कात्रीचे जनुक मोडीत निघालेले आहे आणि तो रोग करत नाही. दोघे वेगळे आहेत हे १९२५ साली ब्रुम्प्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुचवले होते. त्यांचे म्हणणे पक्के व्हायला १९९३ उजाडले. त्यामुळे त्रास काहीच नसताना शौचात 'अमीबा' दिसला म्हणून लगेच गोळ्या सुरू करणे योग्य नाही. कोणता अमीबा ते अँटिजेन किंवा पीसीआर तपासणीतून कळते. उलट रक्त पडत असेल तर तो अमीबाच असेल असेही नाही, जिवाणूंचा आमांशही तसाच दिसतो.

दुसरा मुद्दा गोळ्यांचा. मेट्रोनिडाझोल ऊतीत घुसलेल्या अमीबाला मारते, पण आतड्याच्या पोकळीतले अमीबा आणि पुट्या त्यातून निभावून जाऊ शकतात. त्यासाठी डायलॉक्सानाइड किंवा पॅरोमोमायसिनसारखे वेगळे औषध त्यानंतर घ्यावे लागते. पोट थांबले म्हणून आपण दुसरी पट्टी फोडतच नाही, आणि पुट्या शौचावाटे जात राहतात. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते सांगायला नको. (कोकणात आमांशावर कुड्याचे पाळ उगाळून देत. त्यातला कोनेसिन हा घटक अमीबावर चालतो हे खरे, पण वरचे काम त्यावर सोडू नये.)

कारण खरा धोका यकृताचा आहे. आतड्याची भिंत भेदून अमीबा रक्तावाटे यकृतात पोचला की तिथे गळू होते. ते पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आढळते, आणि तेही ऐन कमावत्या वयात. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, कधी उजव्या खांद्यात कळ. जुलाब मात्र बहुधा नसतातच. शौचाची तपासणीही बरेचदा स्वच्छ येते. गावाहून येऊन दोन-तीन महिने झालेले असतात, म्हणून कुणाला संबंध सुचत नाही. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी शेजारच्या दोन हॉटेलांत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. सुमारे १,४०० लोकांना लागण झाली आणि शंभराच्या आसपास दगावले. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले, म्हणून डॉक्टरांनाही उमगायला वेळ लागला. तेव्हा ताप आला तर डॉक्टरांना 'जुलैत भारतात होतो' हे आपणहून सांगा. सोनोग्राफी आणि प्रतिपिंडांची रक्ततपासणी यांतून गळू बहुधा पकडले जाते, आणि वेळेवर कळले तर बहुतेकदा औषधांनीच बरे होते.

खर्चाचे थोडे. दुबईत २०१३ च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा झाला. कर्मचाऱ्याचा मालकाने आणि बायकामुलांचा ज्याच्या व्हिसावर ते आहेत त्याने काढायचा. सोनोग्राफीला आपला वाटा किती आणि पूर्वपरवानगी लागते का, तसेच भारतात उपचार घेतल्यास पैसे परत मिळतात का, हे पॉलिसीच्या तक्त्यात सुट्टीला निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. व्हिजिट व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना आपले कार्ड चालत नाही. त्यांचा विमा वेगळा काढावा लागतो.