उजवीकडचा फटका

न्यू जर्सीतल्या आमच्या स्लोपिच सॉफ्टबॉल लीगने यंदा सामन्यातल्या होमरनची मर्यादा दुप्पट केली. मी विरोधात मत दिलं. ‘लोकांना चेंडू कुंपणापलीकडे गेलेलाच आवडतो,’ असं उत्तर मिळालं. ते अजून सलतंय.

मी खेळलो ते नव्वदच्या दशकात, आणि फलंदाजी शिकलो तीही तेव्हाच.

स्लोपिचमध्ये चेंडू उंच कमान करून येतो आणि फलंदाजापाशी झपकन खाली उतरतो. अधीर माणूस पुढे झेपावतो, बॅट चेंडूखाली जाते आणि सोपा झेल उडतो. आमचा कप्तान, एक वयस्कर पोस्टमन, एवढंच घोकून घ्यायचा: मागच्या पायावर थांब, चेंडू कमरेपर्यंत उतरू दे, मग उजवीकडे मार. आमच्या लीगमध्ये बेस चोरता येत नसे, बंटही चालत नसे. धावपटूला पुढे नेणार तो फटकाच. पहिल्या बेसवर आपला माणूस असताना पहिल्या-दुसऱ्याच्या मधून चेंडू काढला, की तो थेट तिसरा बेस गाठायचा. तोच चेंडू दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या शॉर्टस्टॉपच्या हातात गेला, तर दोघेही बाद. मुंबईच्या मैदानांवर लेट कट खेळलेल्या आम्हा मराठी पोरांना हे थांबणं लवकर जमलं.

मग बॅटी बदलल्या. १९९३च्या टायटॅनियम बॅटींवर लवकरच बंदी आली, पण दुहेरी भिंतीच्या आणि पुढे कंपोझिट बॅटींनी अर्धवट लागलेले फटकेही कुंपणापार नेले. २००४ मध्ये अमेरिकेच्या हौशी सॉफ्टबॉल संघटनेने बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूला ताशी ९८ मैलांची मर्यादा घातली. तरी काही जण बॅटी आतून तासून आणतात, आणि पन्नास फुटांवरचे पिचर तोंडाला जाळी लावून उभे राहतात. याला मी फलंदाजी म्हणणार नाही.

होमरनची मर्यादा हा शेवटचा बांध होता, कारण ती ओलांडली की होमरनवरही फलंदाज बाद. गेल्या मोसमात शेवटच्या इनिंगमध्ये एक बाद, तिसऱ्या बेसवर आमचा माणूस, हवी होती एक धाव. मर्यादा संपलेली. उजवीकडे साधा उंच फटका पुरला असता. पोराने चेंडू कुंपणाबाहेर धाडला, बाद झाला, आणि शेवटी सामना गेला. त्या पोराला कुणीतरी महिनाभर उजवीकडे मारायला लावायचं होतं. लीगने त्याच्यासाठी नियम बदलला.