मशीनवरून उतरलेली माणसं

"एकदा मशीनवर चढलेला माणूस उतरत नाही." डायलिसिसबद्दल हे वाक्य आपल्याकडे इतक्या खात्रीनं बोललं जातं की ते खोडताना डॉक्टरही जरा दबकतात. माझ्या मामीनं ते जिल्हा रुग्णालयाच्या जिन्यावर बसून एका दुपारी तीनदा म्हटलं. आत आयसीयूत मामा होता. भातकापणीच्या दिवसांत पेंढा उचलताना पोटरीला घोणस चावलेली. विषावरचं इंजेक्शन वेळेत मिळालं. काचेच्या नळीत रक्त काढून २० मिनिटांत ते गोठतंय का, हे पुन्हा पुन्हा पाहून झालं आणि दुसऱ्या दिवशी ते गोठायलाही लागलं. आता सुटलो, असं वाटत होतं. तेवढ्यात नर्सनं खाटेला टांगलेली लघवीची पिशवी उचलून दाखवली. तळाशी काळ्या चहासारखं काहीतरी, जेमतेम अर्धी वाटी. चोवीस तासांत तेवढंच.

मामी संमतिपत्रावर सही करेना. गावात दोघांना डायलिसिस लागलं होतं, दोघेही गेले, हा तिचा हिशोब. ते दोघेही मधुमेहाचे जुने रुग्ण. त्यांच्या किडन्या वर्षानुवर्षं झिजत गेलेल्या. मामाच्या किडन्या मात्र साप चावण्याच्या सकाळपर्यंत धडधाकट होत्या. हा फरक तिला कुणी समजावून सांगितला नव्हता आणि तेव्हा तो मलाही ठाऊक नव्हता. पुढे मी या यंत्राच्या मागेच लागलो, तेव्हा कळलं की मामीचं वाक्य इतिहासाच्या बरोबर उलटं आहे. हे यंत्र जन्माला आलं तेच मुळी माणसाला थोडे दिवस सांभाळून उतरवण्यासाठी. जन्मभर त्याच्या आधारानं जगण्याची सोय बरीच नंतर झाली.

१९३८ साली हॉलंडमधल्या ग्रोनिंगनच्या रुग्णालयात विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरसमोर शेतकरी कुटुंबातला २२ वर्षांचा मुलगा किडन्या बंद पडून गेला. रोज २० ग्रॅम युरिया कसाही करून बाहेर काढता आला असता तर तो कदाचित जगला असता, हे गणित कोल्फच्या डोक्यातून जाईना. त्यानं सॉसेजसाठी वापरतात ती सेलोफेनची नळी घेतली, तिच्यात युरिया मिसळलेलं थोडं रक्त भरलं आणि मिठाच्या पाण्यात ती हलवत ठेवली. युरिया नळीबाहेरच्या पाण्यात उतरला. तत्त्व एवढंच. आजच्या चकचकीत पडद्याच्या मशीनमध्येही मूळ गोष्ट तीच आहे.

मग युद्ध आलं. जर्मन फौजा देशात शिरल्यावर कोल्फच्या ज्यू विभागप्रमुखानं आणि त्यांच्या पत्नीनं आत्महत्या केली. त्या जागेवर नात्सी माणूस आला. त्याच्या हाताखाली काम करायचं नाही म्हणून कोल्फ १९४१ मध्ये कांपेन या लहान गावच्या रुग्णालयात गेला. तिथे एनॅमलची भांडी बनवणारा कारखाना होता. त्याच्या मालकाच्या मदतीनं कोल्फनं टाकी बनवून घेतली, त्या टाकीत अर्धं बुडेल असं आडवं पिंप बसवलं आणि पिंपाभोवती सेलोफेनची लांबच लांब नळी गुंडाळली. पिंप फिरलं की नळीतलं रक्त पाण्यातून घुसळत पुढे सरकायचं. फिरत्या पिंपात रक्त न्यायचं आणि परत आणायचं, पण जोडातून गळू द्यायचं नाही, ही मोठी अडचण होती. तिचं उत्तर त्याला फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपात सापडलं. माझ्या मते या सगळ्या हकिकतीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. रुग्णालय, भांड्यांचा कारखाना आणि गॅरेज यांनी मिळून ही किडनी घडवली.

१९४३ पासून त्यानं उपचार सुरू केले आणि रुग्ण एकामागून एक दगावत गेले. पहिल्या पंधरा-सोळा जणांत यंत्रानं वाचवला असं छातीठोकपणे सांगावं असा एकही नव्हता. आज कुठल्याही समितीनं त्याला एवढी मोकळीक दिली नसती. सप्टेंबर १९४५ मध्ये बेशुद्धीत गेलेली ६७ वर्षांची सोफिया शाफस्टाट त्याच्याकडे आली. ती कैदी होती. नात्सींना सामील असल्याचा ठपका तिच्यावर होता. कोल्फनं तिला यंत्राला लावलं. ती शुद्धीवर आली, तिच्या किडन्या पुन्हा काम करू लागल्या आणि पुढे काही वर्षं ती यंत्राशिवाय जगली. मशीननं वाचलेला जगातला पहिला माणूस हा असा मशीनवरून उतरलेला माणूस आहे.

पुढची पंधरा वर्षं यंत्राचा उपयोग जवळजवळ फक्त अशाच रुग्णांसाठी झाला. कारणही साधं होतं. दर वेळी शीर आणि धमनी कापून नळी घालावी लागे आणि ती जागा पुन्हा वापरता येत नसे, त्यामुळे काही वेळा झाल्या की जागाच संपायच्या. कोरियाच्या युद्धात अमेरिकन सैन्यानं १९५२ साली आघाडीमागच्या इस्पितळात असं यंत्र बसवलं. जखमी होऊन किडन्या बंद पडलेले सैनिक त्याआधी बहुतेक सगळे मरत. यंत्र आल्यावर जवळजवळ निम्मे जगू लागले. अखेर १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनरनं हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी काढली. तिथून जन्मभराचं डायलिसिस सुरू झालं, आणि मामीची भीतीही.

आपल्याकडे धडधाकट माणसाच्या किडन्या अचानक बंद पडण्याची कारणं ऋतूंबरोबर येतात. शेतात घोणस, फुरसं. पावसाळ्यात मलेरिया आणि लेप्टो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईच्या वॉर्डांनी लेप्टोचे किती रुग्ण पाहिले, ते तेव्हाचे निवासी डॉक्टर अजून सांगतात. बाळंतपणात झालेला अतिरक्तस्राव, हगवण, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग. आणि कधी औषधच: १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं १४ रुग्णांचा बळी घेतला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं आणि ते थेट किडनीवर घाला घालतं. भूकंपाची तऱ्हा आणखी वेगळी. ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तात उतरून किडनीच्या नळ्या तुंबवतं. १९९९ च्या तुर्कस्तानच्या भूकंपानंतर अशा ६३९ जणांची नोंद झाली. त्यांतल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं, पण एकंदर मृत्यू सुमारे १५ टक्क्यांवरच थांबले.

मामाचं पोटॅशियम चौथ्या संध्याकाळी साडेसहाच्या वर गेलं आणि ईसीजीवर उंच टोकदार शिखरं दिसू लागली. डॉक्टर मामीला म्हणाले, "मावशी, किडनी पुढच्या आठवड्यात सुरू होईलही. पण पोटॅशियममुळे हृदय आज रात्रीच थांबू शकतं." मामीनं सही केली.

मशीन आलं ते रात्री दीडला. दिवसाच्या सगळ्या शिफ्ट नेहमीच्या रुग्णांनी भरलेल्या असतात, म्हणून अचानक आलेल्याची पाळी रात्री. खालच्या डायलिसिस विभागातून टेक्निशियननं ते ढकलत आणलं, मागून पाणी शुद्ध करणारं छोटं आरओ. पंचविशीचा मुलगा. त्यानं डायलायझर, म्हणजे हातभर लांबीचा पारदर्शक नळकांडा, उभा धरला, त्यातून सलाइन सोडलं आणि पीठ बसवण्यासाठी डबा थोपटावा तसा तळहातानं तो थोपटत राहिला. आतल्या हवेचा एकेक बुडबुडा वर येऊन निघून जात होता. त्या नळकांड्यात केसासारखे सुमारे दहा हजार पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून रक्त, बाहेरून उलट्या दिशेनं पाणी. कोल्फची सॉसेजची नळी ती हीच, बारीक करून दहा हजार वेळा.

मामाच्या मानेतल्या नळीला दोन तोंडं होती, एक लाल, एक निळं. पंप फिरायला लागला. पहिलीच वेळ म्हणून फक्त दोन तास आणि मिनिटाला १५० मिलिलिटर रक्त. युरिया झपाट्यानं उतरला तर मेंदूला सूज येते. सापाच्या विषानं रक्त आधीच पातळ केलेलं, म्हणून रक्त गोठू न देणारं हेपरिन नाही. त्याऐवजी दर अर्ध्या तासानं सलाइन सोडून तो मुलगा तंतूंचा रंग बघत होता. काळपट रेघा दिसल्या की समजायचं, आत गुठळी धरते आहे. मामी दारातून बघत होती. "रक्त गार होऊन परत जातं का रे?" तिनं विचारलं. "नाही काकू, हात लावून बघा." तिनं नळीवर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ उचलली नाहीत.

साध्या डायलिसिसला चार तासांत सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. पण बीपी पडलेल्या, औषधांच्या जोरावर तग धरलेल्या रुग्णाला तो वेग सोसत नाही. त्याच्यासाठी दिवसरात्र संथ चालणारी सीआरआरटी आहे. तिची सुरुवात चुकीतून झाली. जर्मनीत ग्योटिंगनच्या पेटर क्रामरची सुई जांघेतल्या शिरेऐवजी धमनीत गेली. त्याच्या लक्षात आलं की पंप कशाला हवा, हृदय स्वतःच रक्त गाळणीतून ढकलेल. १९७७ मध्ये त्यानं ही पद्धत मांडली. पंप नंतर परत आला, संथपणा मात्र टिकला. आपल्याकडे सीआरआरटीच्या गाळणी आणि पिशव्यांचा खर्च ऐकूनच नातेवाईक गप्प होतात. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत चालतं ते स्लेड: नेहमीचंच मशीन, वेग कमी, वेळ सहा ते बारा तास. मला हा मधला मार्ग फार शहाणपणाचा वाटतो. महागड्या पद्धतीनं जास्त जीव वाचतात, असं अभ्यासांतही ठामपणे दिसलेलं नाही. मामाला पुढच्या दोन्ही वेळा स्लेडच लावलं. टेक्निशियन रात्रभर स्टुलावर बसून होता.

यंत्र किडनी बरी करत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ते कचरा आणि जादा पाणी काढतं, पोटॅशियम उतरवतं, आणि सोबत अँटिबायोटिकही काढून टाकतं, म्हणून डोस पुन्हा ठरवावे लागतात. बरी होते ती किडनी स्वतः. तिच्या नळ्यांचं मेलेलं अस्तर झडतं, नवं येतं, आणि याला बहुधा एक ते तीन आठवडे लागतात. यंत्रानं तेवढे दिवस मिळवून द्यायचे असतात.

मग मशीन लवकरच लावलेलं बरं नाही का? वाटतं तसं. हे तपासायला १५ देशांतल्या १६८ रुग्णालयांत सुमारे तीन हजार रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एका गटाला लगेच डायलिसिस, दुसऱ्याला गरज पडली तरच. दोन्ही गटांत ९० दिवसांत साधारण ४४ टक्के गेले. थांबलेल्या गटातल्या जवळजवळ ३८ टक्के जणांना मशीन लागलंच नाही. उलट लगेच लावलेल्यांतले जे वाचले, त्यांच्यापैकी दहा टक्क्यांहून थोडे अधिक जण ९० दिवसांनीही डायलिसिसवर होते. थांबलेल्यांत ते सहा टक्के. तेव्हा मामीचं थांबणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. पण ती भीतीपोटी थांबली होती. डॉक्टर थांबतात ते पोटॅशियम, फुप्फुसातलं पाणी आणि रक्तातलं आम्ल यांवर नजर ठेवून. ईसीजी बदलल्यावर थांबणं हा जुगार आहे.

अकराव्या दिवशी मामाला ४०० मिलिलिटर लघवी झाली. तेराव्या दिवशी दीड लिटर. मामी पिशवीवरचे आकडे फोनवरून गावाला कळवत होती, इतक्या मोठ्यानं की वॉर्डभर ऐकू जावं. त्यानंतर दोन दिवस लघवी इतकी झाली की आता पाणी कमी पडू नये म्हणून सलाइन वाढवावं लागलं. मशीन परत वर आलंच नाही. एकूण तीन वेळा लागलं, मग मानेतली नळी काढली, एक टाका पडला.

अशी उतरलेली माणसं एका बाबतीत हमखास चुकतात. बरं वाटलं की दवाखान्याची वाट विसरतात, आणि किडनीला राहिलेली इजा कित्येक वर्षं काही न दुखवता वाढत राहते. मामाही टाळाटाळ करतो. मामी त्याला एसटीत बसवून नेते. तुमच्या घरी असं कुणी असेल तर तीन महिन्यांनी त्याचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या, नंतर वर्षातून एकदा. आणि अंगदुखीची गोळी त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.