पिकअपचा हीटर गार हवा का फेकतो?



ग्वाल्हेरची थंडी आपल्याला नवी नाही. डिसेंबर-जानेवारीत धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसेनासे होते, आणि मंडईत भाजी नेणाऱ्या, दुधाचे कॅन पोहोचवणाऱ्या पिकअप गाड्या दिवे लावून हळूहळू सरकत असतात. अशा वेळी हीटर सुरू करावा आणि आतून गार हवा यावी, ही तक्रार आपल्या पालकांपैकी अनेकांची असते. "अहो, शाल गुंडाळू, त्यात काय!" असे म्हणून ती बहुधा सोडून दिली जाते. आमचे सांगणे असे की ती सोडू नये. गार हीटर हा पुष्कळदा इंजिनाने पाठवलेला निरोप असतो.

आधी हीटर चालतो कसा ते पाहू. डिझेल किंवा पेट्रोलच्या गाडीत हीटरसाठी वेगळी भट्टी नसते. इंधनातली बरीचशी उष्णता गाडी ओढण्याच्या कामी येत नाही. ती धुरावाटे आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यावाटे बाहेर जाते. या पाण्यालाच आपण कूलंट म्हणतो. तेच गरम कूलंट दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये येते. पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम होऊन आपल्याकडे येते. म्हणजे हीटर गरम होण्यासाठी तीन गोष्टी हव्यात: कूलंट गरम हवे, ते छोट्या रेडिएटरपर्यंत पोहोचायला हवे, आणि हवा त्याच्यावरून जायला हवी. दोष शोधायचा तो याच क्रमाने.

डिझेल इंजिन थंडीत सावकाश तापते. म्हणून दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवल्यानंतरच हीटरची परीक्षा घ्यावी. तोवर गार हवा आली तर तो बिघाड नव्हे.

पहिले, कूलंटची पातळी. ती सकाळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहावी. रेडिएटर हा प्रेशर कुकरसारखा असतो. दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. पण झाकण उघडताच ते उसळून चेहऱ्यावर येते. तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. पातळी कमी असेल तर पाइपांत हवा शिरते आणि गरम कूलंट हीटरपर्यंत पोहोचत नाही. नुसते भरून भागत नाही. ते गेले कुठे, हेही शोधावे लागते. हीटर गार आहे आणि तापमानाची सुई मात्र वर चढते आहे, असे दिसले तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. तसेच पुढे दामटल्यास हेड गॅसकेट जाऊन मोठा खर्च उभा राहतो.

दुसरे, थर्मोस्टॅट. हा मेणाच्या तत्त्वावर चालणारा लहानसा व्हॉल्व्ह आहे. कूलंट साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापले की मेण वितळून फुगते, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी मोठ्या रेडिएटरकडे जाऊ लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की गाडी तापते म्हणून काही मिस्त्री हा थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन नीट तापतच नाही, सुई खाली राहते, हीटर कोमट हवा देतो, डिझेल जास्त जळते आणि इंजिनाची झीजही वाढते. उपाय एकच, योग्य मापाचा थर्मोस्टॅट पुन्हा बसवणे.

तिसरे, दोन पाइप. इंजिन तापल्यावर हीटर गरमवर ठेवून थोडा वेळ चालू द्यावा, मग इंजिन बंद करून हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप फडक्याने सांभाळून चाचपावेत. हे काम मोठ्यांनीच करावे. दोन्ही गरम असतील तर कूलंट ठीक पोहोचते आहे. दोष हवेची झडप फिरवणाऱ्या तारेत किंवा झडपेतच आहे. एक गरम आणि दुसरा गार असेल तर छोटा रेडिएटर गंजाने किंवा क्षाराने तुंबला आहे, नाहीतर त्याच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह बंद आहे. वर्षानुवर्षे बोअरिंगचे पाणी ओतल्याचा हा परिणाम असतो. मिस्त्रीकडून तो धुऊन घ्यावा आणि पुढे कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून घालावे. पायाखालची चटई ओली आणि गोडसर वास येत असेल तर छोटा रेडिएटर गळतो आहे. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. ते अंगणात सांडू नये, मुलांच्या किंवा जनावरांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

आता शाल गुंडाळून का भागत नाही, ते. आपल्या श्वासातली वाफ गार काचेवर जमते आणि धुक्याबरोबर काचही अंध होते. गरम कोरडी हवा काचेवर सोडली की ती वाफ निघून जाते. त्या वेळी हवेचे बटण बाहेरची हवा घेण्यावर ठेवावे. आतलीच हवा फिरवत राहिल्यास काच पुन्हा धूसर होते. हीटर बंद पडलेला चालक एका हाताने काच पुसत गाडी चालवतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. उभ्या गाडीत रात्र काढताना काही जण काचा लावून कोळशाची सिगडी पेटवतात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि झोपेतच माणूस जातो. बंद खोलीतही हाच धोका. हीटर दुरुस्तीचा खर्च टाळून सिगडी जवळ करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

घरी पिकअप असेल तर या रविवारी, इंजिन थंड असताना, बाबांबरोबर किंवा काकांबरोबर कूलंटची पातळी पाहा आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे ना, एवढे मिस्त्रीकाकांना अवश्य विचारा.