सभाकंप (लेखांक सातवा) : पहिली दोन मिनिटे

सभाकंपाचा जोर कार्यक्रमभर सारखा नसतो. भाषणापूर्वीची भीती कधी किती असते, याचा अभ्यास राल्फ बेंके आणि ख्रिस सॉयर या अमेरिकी संशोधकांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केला. भाषण करायचे आहे असे कळते तेव्हा भीती वर चढते, प्रत्यक्ष तयारी चालू असताना ती सर्वांत कमी असते आणि बोलायला उठण्याच्या ऐन वेळी ती शिखर गाठते, असे त्यात दिसले. बोलणे सुरू झाले की पहिल्या काही क्षणांत छातीची धडधड टिपेला असते. पुढे ती बहुतेकांच्या बाबतीत उतरत जाते. म्हणजे झगडा आहे तो मुख्यतः सुरुवातीशी.

पाठांतर ऐन वेळी का दगा देते, हा विषय या लेखांकासाठी ठरला होता. तो आता पुढच्या आठवड्यात येईल. सुरुवात सावरली नाही, तर चोख पाठांतरही हाताशी येत नाही, म्हणून सुरुवातीचा विचार आधी.

ही दोन मिनिटे एवढी अवघड का, याचे उत्तर मागच्या लेखांकात पाहिलेल्या, भीती वाटताच ग्रंथींतून रक्तात येणाऱ्या अॅड्रेनलिनमध्येच आहे. रक्तात मिसळलेले अॅड्रेनलिन फार काळ टिकत नाही. साधारण दोन-तीन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. शरीराला नव्याने धोक्याची सूचना मिळाली नाही, तर उसळी आपोआप ओसरते. अडचण अशी, की आवाज कापला, हात थरथरला की कलावंताचे लक्ष तिकडेच जाते. ‘आता सगळ्यांना कळले’ हा विचार हीच नवी धोक्याची सूचना ठरते आणि ग्रंथी पुन्हा कामाला लागतात. म्हणून सुरुवात अशी हवी, की त्या दोन मिनिटांत बिघडण्यासारखे फारसे काही नसावे.

एका वाचकाने विचारले आहे, की व्हायोलिनवर द्रुत गत वाजवताना हात स्थिर असतो, मग सुरुवातीच्या संथ आलापीत गज का थरथरतो? प्रश्न नेमका आहे. प्रत्येक माणसाच्या हाताला बारीक कंप असतोच. तो सेकंदाला आठ ते बारा वेळा होतो आणि एरवी डोळ्यांना दिसतही नाही. अॅड्रेनलिनने तो वाढतो. गज वेगाने आणि भरपूर फिरत असला, तर हा कंप त्या मोठ्या हालचालीत लपून जातो. पण लांब, हळुवार स्वरावर गजाचे वजन जवळजवळ उचलून धरलेले असते, हालचाल मंद असते आणि प्रत्येक हेलकावा तारेवर उमटतो. गज तारेवर नुसता सरकण्याऐवजी बारीक उड्या मारू लागतो. उपाय त्यातच आहे. पहिला स्वर अगदी नाजूक ठेवू नये. गज मधल्या भागात, भरीव वजनाने आणि थोडा वेगाने ओढावा, खांद्यापासून पूर्ण हात वापरावा. नाजूकपणा पाच मिनिटांनी आणता येतो.

प्रत्येक वाद्याचा असा एक कच्चा दुवा असतो. बासरीवाल्याचे ओठ कोरडे पडतात, कारण या अवस्थेत लाळ कमी होते आणि फुंकेचा कोन बिघडतो. गायकाचा श्वास वरच्या वर चालतो, त्यामुळे दीर्घ स्वर मध्येच तुटतो. वक्त्याची गती वाढते. जिथे कंप आधी दिसतो, त्यावरच ज्या सुरुवातीची भिस्त आहे, ती सुरुवात बदलणे हा भित्रेपणा नसून जाणकारी आहे.

जुन्या परंपरांनी ही जाणकारी आपापल्या रिवाजांत मुरवून ठेवली आहे. ख्यालगायक मंचावर येतो तेव्हा आधी तानपुरे जुळवले जातात, तेही श्रोत्यांसमोर. हात कामात, नजर खुंट्यांवर, कान जोडीच्या तारांवर, आणि कोणाचीही घाई नाही. मग पहिला स्वर लागतो तो बहुधा षड्ज, जो तानपुऱ्यावर आधीच घुमतो आहे. गायकाला शांततेतून स्वर काढायचा नसतो. चालू असलेल्या स्वरात आपला आवाज मिसळायचा असतो. त्यानंतरचा विलंबित ख्याल मंद्र-मध्य सप्तकातून सावकाश वर जातो. टिपेचा तारषड्ज येईपर्यंत श्वास खाली उतरलेला असतो. रागाची बढत सौंदर्यासाठी आहेच, पण गात्या देहालाही ती सोयीची आहे. एकल तबलावादनात आधी पेशकार सावकाश मांडतात, त्याचाही असाच उपयोग होतो.

नारदीय कीर्तनात बुवा आधी नमन करतात, नामाचा गजर होतो आणि सारी सभा त्यात सूर मिसळते. निरूपणाचे पहिले वाक्य उच्चारण्यापूर्वी समोरची माणसे परकी राहिलेली नसतात. तमाशात आधी गण येतो, तो सगळे मिळून गातात. संगीत नाटकात नांदी असते. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकांच्या कानाला ती ओळखीची आहे. या सर्वांत पहिला आवाज एकट्याचा नसतो, शब्द वर्षानुवर्षांच्या सवयीचे असतात आणि श्रोत्यांकडून लगेच दाद मिळण्याची गरज नसते. ‘नमनालाच घडाभर तेल’ असे लोक कंटाळून म्हणतात खरे. कलावंताच्या बाजूने पाहिले, तर त्या तेलाचा थेंबही वाया गेलेला नाही.

आजच्या एकांकिकेला नांदी नसते, सभेतल्या वक्त्याला गण नसतो. त्याला अशी सुरुवात स्वतः रचावी लागते. ती चुकली तर काय होते, याचा फार प्रामाणिक दाखला महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात आहे. 1891 मध्ये लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी मित्रांना मेजवानी दिली. छोटे, विनोदी भाषण त्यांनी मनात काळजीपूर्वक जुळवले होते. संसदेतल्या पहिल्याच भाषणात अडखळलेल्या अॅडिसनचा किस्सा सांगायचा आणि त्यावरून पुढे जायचे, असा बेत होता. किस्सा सुरू झाला आणि गांधी तिथेच अडकले. पुढचे काहीच आठवेना. आमंत्रण स्वीकारल्याबद्दल आभार मानून ते खाली बसले. पुढे मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीला उभे राहिले, डोके गरगरले आणि एकही प्रश्न न विचारता बसले. पक्षकाराची 30 रुपये फी त्यांनी परत केली. खटला दुसऱ्या वकिलाकडे 51 रुपयांना गेला.

त्याच माणसाने 1893 मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांपुढे भाषण केले आणि ते नीट पार पडले. आपले हे आयुष्यातले पहिले जाहीर भाषण, असे ते स्वतः म्हणतात. विषय होता व्यापारातील सचोटी. त्यावर त्यांची तयारी होती आणि सांगण्याची तळमळही होती. लंडनच्या भाषणाचा पाया विनोद होता. विनोदाने सुरुवात करावी, असा सल्ला नवख्या वक्त्याला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. हशा पिकेल की नाही हे वक्त्याच्या हातात नसते, आणि ज्या मिनिटात स्वतःच्या जिभेचा भरवसा नाही त्याच मिनिटात तो दुसऱ्यांच्या हसण्यावर अवलंबून राहतो. त्यापेक्षा विषयातली एक ठोस, साधी गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावी. गांधींचा संकोच पूर्ण गेला नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनाही मैफलीपूर्वीच्या भीतीने आयुष्यभर सोडले नाही.

सुरुवातीची दुसरी मोठी चूक म्हणजे माफी. ‘घसा बसलाय, सांभाळून घ्या’, ‘मला बोलायची सवय नाही’ ही वाक्ये नम्रतेपोटी येतात, पण त्यांनी श्रोत्याला दोष शोधायला बसवले जाते. शिवाय त्यांची गरजही नसते. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले, की वक्त्याला आपली घबराट जेवढी उघड वाटते तेवढी ती श्रोत्यांना दिसत नाही. ही गोष्ट काही वक्त्यांना आधीच समजावून सांगितली, तेव्हा त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. श्रोत्यांनीही तसाच कौल दिला. एवढी एक माहितीही उपयोगी पडते, हे विशेष आहे.

तालमीत सुरुवात वेगळी काढून बसवावी लागते. बहुतेक जण तालमीला आधीच जागेवर बसलेले किंवा उभे असतात, त्यामुळे विंगेपासून माइकपर्यंतची चाल कधी सरावात येतच नाही. ती करावी. विंगेत उभे राहायचे, नाव पुकारून घ्यायचे, चालत जायचे, माइकची उंची जुळवायची, एक लांब उच्छ्वास सोडायचा, मग पहिले वाक्य किंवा पहिला स्वर. तिथेच थांबून परत विंगेत. उच्छ्वास लांबवण्याला महत्त्व आहे, कारण श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. भीतीने खोल श्वास घेत राहणारा माणूस नेमके उलटे करतो. हे जमले की दोन जिने भरभर चढून यावे आणि छाती धडधडत असतानाच तीच सुरुवात करावी. धडधडीसह पहिली चार वाक्ये नीट येतात, हा अनुभव शरीराला तालमीतच मिळाला पाहिजे. सुरुवातीची ही चार वाक्ये मात्र शब्दशः पाठ असावीत. पुढच्या भाषणाला मुद्दे पुरतात.

थरथर थांबवणाऱ्या गोळीबद्दल बऱ्याच वाचकांनी विचारले आहे. हृदयगती आवरणारी ही औषधे आहेत, आणि दमेकऱ्यांना किंवा ज्यांची नाडी मुळात मंद आहे अशांना ती धोक्याची ठरू शकतात. त्यांच्यावर पाठांतरानंतर स्वतंत्र लेखांक होईल. तोवर कोणीही मित्राच्या सांगण्यावरून ती परस्पर घेऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावे.