आधी हवा कमी करा, मग टायर बघू

पहिले दोन-तीन जोराचे पाऊस झाले की बोदवड, नाडगाव, जामठी या पट्ट्यात गाडीची खरी परीक्षा डांबर संपतं तिथून सुरू होते. माती काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी पिऊन ती फुगली की त्याच वाटेवर चालणाऱ्याच्या चपलेला किलोभर गारा चिकटतो. अशा मुलखात थार, जिप्सी किंवा जुनी महिंद्रा जीप घेणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो मोठ्या टायरचा. टायरच्या दुकानातही तेच ऐकायला मिळतं आणि मोबाइलवर दिसणाऱ्या चित्रफितींमध्येही तेच: कंपनीचे टायर काढा, रुंद आणि उंच बसवा, गाडी कुठेही अडणार नाही. यातलं निम्मं खरं आहे. चिखलात गाडीला तारतो तो टायरचा आकार कमी आणि त्यातल्या हवेचा दाब जास्त. मोठ्या टायरचा मुख्य उपयोग असा की त्यातली हवा बिनधास्त कमी करता येते. जो हवा कमी करणारच नाही, त्याने टायरवर घातलेले बरेचसे पैसे दिसण्यावर घातलेले असतात. दिसण्यावर पैसे घालू नयेत असं नाही, फक्त ते त्याच नावाने घालावेत.

आधी साधा हिशोब मांडू. थारसारखी गाडी माणसांसकट अठराशे किलोची धरली, तर एका चाकावर साधारण साडेचारशे किलो भार येतो. टायरमध्ये हवा ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो दाब. हा भार पेलायला टायरचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे २१४ चौरस सेंटिमीटरचा लागतो, पोस्टकार्डाहून बराच मोठा. आता याच गाडीला मोठे टायर बसवले आणि हवा ३० पौंडच ठेवली तर? भार तोच, दाब तोच, म्हणून टेकलेला भागही जवळपास तेवढाच. टायर रुंद असेल तर तो भाग आडवा पसरेल, उंच असेल तर लांबट होईल, पण क्षेत्रफळ फारसं वाढणार नाही. टायरच्या भिंतीचा ताठपणाही थोडा भार उचलतो, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण कल तोच राहतो. उलट कंपनीच्याच टायरमधली हवा १५ पौंडांवर आणली, की टेकलेला भाग दुपटीच्या घरात जातो आणि जमिनीवरचा दाब निम्मा होतो. त्यासाठी हवा सोडायला एक काडी आणि हवा मोजायला एक गेज पुरतं.

ही युक्ती नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर इजिप्तमध्ये असलेले ब्रिटिश लष्करी अभियंते राल्फ बॅगनोल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटात साध्या मोटारी नेल्या, त्या हवा कमी करून आणि वाळू वाचून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ‘डक’ ट्रकमध्ये चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येत असे, कारण किनाऱ्याच्या वाळूतून वर आल्यावर पुढे पक्का रस्ता लागायचा. आइसलँडच्या बर्फावर ३८ आणि ४४ इंची टायरच्या गाड्या फिरतात. त्यांची छायाचित्रं मोठ्या टायरची बाजू मांडताना हमखास दाखवली जातात, पण त्या टायरमध्ये बर्फावर अवघी दोन-तीन पौंड हवा असते, हे मात्र कुणी सांगत नाही. तो आकार घेतला जातो तो एवढ्या कमी हवेवर टायर रिमवर टिकावा आणि फुगीर भिंतीने भार पेलावा म्हणून. शिवाय त्या गाड्यांचे गिअर बदललेले असतात आणि मडगार्ड कापलेले असतात.

आपल्याकडचा पुरावा याहून जवळचा आहे. खानदेशातल्या जुन्या बैलगाडीचं लाकडी चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, वर लोखंडी धाव. व्यास मोठा म्हणून ते खड्ड्यातून आणि ढेकळांतून सहज वर यायचं, पण धाव अरुंद आणि कडक, त्यामुळे ओल्या काळीत ते सुरीसारखं खाली जायचं. पुढे डनलॉपची गाडी आली. तिचं रबरी चाक जुन्या चाकाच्या मानाने बुटकं, तरी ती बैलांना हलकी वाटू लागली आणि लोकांनी ती स्वीकारली. यात बेअरिंगचा आणि सुधारलेल्या रस्त्यांचा वाटा आहेच. पण व्यास कमी होऊनही गाडी हलकी चालली, याचं श्रेय हवेला द्यावंच लागतं. असं असलं तरी व्यासाचं महत्त्व शून्य ठरत नाही. जमीन आणि चाक यांच्या नात्याचं शास्त्र उभं करणारे, पुढे चंद्रावरच्या मोटारीच्या चाकांच्या कामातही सहभागी झालेले पोलिश वंशाचे अभियंते बेकर यांनी १९५६च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की मऊ जमिनीत आखूड-रुंद ठशापेक्षा लांबट ठसा बरा, कारण पुढे ढकलायच्या मातीची भिंत अरुंद राहते. म्हणजे टायर वाढवायचाच, तर रुंदीपेक्षा उंची वाढवलेली परवडते. दुकानात मात्र नेमका उलटा सौदा होतो: बाहेर आलेली रुंद चाकं आधी खपतात.

इथे काळ्या मातीचा स्वभाव पाहायला हवा, कारण वाळूवरचा नियम जसाच्या तसा तिला लागू होत नाही. वाळू सैल असते, काळी चिकट. भिजल्यावर ती टायरच्या खाचांत शिरते, तिथेच बसते आणि चार फेऱ्यांत खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. मग चार चाकं ओढणारी गाडीही जागेवर फिरते. यावर उपाय खाचांच्या घडणीत आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या दातऱ्या उंच आणि तिरप्या असतात, मधली जागा मोकळी असते आणि चाक फिरताना टायर दबून पुन्हा फुगतो तेव्हा चिखल बाहेर फेकला जातो. मड टेरेन म्हणून विकले जाणारे टायर हेच काम छोट्या प्रमाणात करतात. पण चिखल फेकायला टायर दबावा लागतो. ३० पौंडांवर ताठ उभ्या टायरच्या खाचा स्वतःहून साफ होत नाहीत. काळीपुरता निकष म्हणून असा निघतो: आधी खाच, मग हवा, मग उंची, आणि रुंदी सगळ्यात शेवटी. कंपनीच्या मापातच चांगल्या खाचांचा टायर मिळत असेल, तर निम्म्याहून अधिक काम तिथेच होतं.

यावर ट्रॅक्टरचाच दाखला देऊन विचारलं जातं, की मग ट्रॅक्टरला एवढाले टायर कशाला? १३.६-२८ किंवा १४.९-२८ मापाचा टायर ट्रॅक्टरला लागतो, कारण त्याला स्वतःला नेण्यापलीकडे नांगर ओढायचा असतो. त्या टायरमध्ये हवा साधारण १२ ते १६ पौंड असते आणि वजन वाढवायला बरेच शेतकरी त्यात पाणी भरतात. गिअर असे की ताशी तीसेक किलोमीटरच्या पुढे जायचा प्रश्न येत नाही. जीपवाल्याने यातला फक्त आकार उचलायचा आणि हवा, वजन, गिअर सोडून द्यायचे, याला ट्रॅक्टरची नक्कल म्हणता येत नाही. आणि ट्रॅक्टरही अडकतो. श्रावणात एका ट्रॅक्टरला दुसऱ्याने टोचन लावलेलं दृश्य या तालुक्यात नवलाचं नाही.

मोठ्या टायरच्या बाजूने एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. लिफ्ट किट लावून बॉडी वर उचलता येते, पण मागच्या एक्सलच्या मध्यभागचा डिफरन्शियलचा गोळा उचलायला टायर वाढवण्याशिवाय मार्ग नाही. थारच्या एका आवृत्तीचं माप २४५/७५ आर १६, म्हणजे व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर. वरच्या आवृत्तीत कंपनीच २५५/६५ आर १८ देते, व्यास सुमारे ७८९. हौशी लोक २८५/७५ आर १६ बसवतात, तो सुमारे ८३४. पहिल्याच्या तुलनेत व्यास ६० मिलिमीटरने वाढला, पण गोळा वर गेला त्याच्या निम्मा, ३० मिलिमीटर. सातपुड्यात यावल-रावेरच्या वरच्या बाजूला दगडगोट्यांची वाट आहे, तिथे हे सव्वा इंच कामाला येतं. दगड ठराविक उंचीचा असतो, एकतर तो चुकतो नाहीतर लागतो. पण बोदवडच्या गाडवाटेवर शत्रू असतो ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी, आणि ती पावसाळ्याअखेर फूटभरही खोल होते. चाकं तिच्या तळाशी, गोळा मधल्या वरंब्यावर. तिथे सव्वा इंचाने फार काही साधत नाही. चाकोरी सोडून एक चाक वरंब्यावर ठेवून चालवणारा जुन्या जीपचा ड्रायव्हर तिथे सरस ठरतो, आणि त्याची जीप १९४०च्या दशकातल्या मापाच्या ६.००-१६ टायरवरही चालायची, असा लेखी दाखला त्या गाड्यांच्या माहितीपत्रकांत सापडतो.

या ६० मिलिमीटरची किंमत गाडी दुसरीकडे वसूल करते. व्यास पावणेआठ टक्क्यांनी वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा जड झाला. मेकॅनिक म्हणतात पिकअप मेला, तो हाच. चढावर एक गिअर खाली टाकावा लागतो आणि चिखलात हळू, जोर लावून जायची वेळ येते तेव्हाच गाडी दम सोडते. ब्रेकची डिस्क तीच राहते, पण चाकाचा हात लांबल्याने तिला जास्त झगडावं लागतं. काटा ६० दाखवतो तेव्हा, तो आधी अचूक असेल तर, गाडी जवळपास ६५ने पळत असते, आणि हजार किलोमीटर चाललेली गाडी मीटरवर सव्वानऊशेच्या आसपास दिसते. अॅव्हरेज पडल्याची तक्रार करणाऱ्याने यातली सातेक टक्के घट मीटरच्या खात्यावर टाकावी, उरलेली खरी. जड चाकामुळे बॉल जॉइंट, टाय रॉड आणि बेअरिंग लवकर जातात, पूर्ण वळवल्यावर टायर आतून घासतो. तो घासू नये म्हणून स्पेसर लावून चाक बाहेर काढलं तर बेअरिंगवरचा ताण आणखी वाढतो. एबीएस आणि गाडी सावरणारी यंत्रणा मूळ चाकाच्या घेरावर बेतलेली असते, तिलाही कुणी विचारत नाही. हे सगळं मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३वर सोसावं लागतं, आणि शेतात जाणाऱ्या थारचेही बहुतेक किलोमीटर तिथेच होतात.

कंपनी पैसे वाचवायला लहान टायर देते, असाही एक आक्षेप असतो. खर्चाचा विचार कंपनी करतेच. पण तीच कंपनी वरच्या आवृत्तीला मोठा टायर देते, तेव्हा पंधरा मिलिमीटरच्या पुढे जात नाही, यावरून मर्यादा कुठे आहे ते कळतं. जानेवारी २०२३पासून थार फक्त मागची चाकं ओढणाऱ्या रूपातही मिळते, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या कित्येक थार या प्रकारच्या आहेत. पुढची चाकं ओढत नसताना तिला महागडे चिखली टायर बसवणं म्हणजे पुढच्या चाकांना चिखल ढकलायला लावून मागच्यांकडून चमत्काराची अपेक्षा करणं. त्या पैशांत चांगला दोर, फावडं आणि हवेचा छोटा कॉम्प्रेसर येतो.

कायद्याचा विषय लोक हसण्यावारी नेतात: पोलिस काय टायर मोजत बसतात का? मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नाक्यावर कुणी टेप लावणार नाही, हे मान्य. पण प्रश्न उठतो तो अपघातानंतर, विम्याचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरतो तेव्हा. कंपनीने त्याच गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीला दिलेलं माप घेतलं, तर उत्तर देणं सोपं जातं.

“मग शेतात जायचं कसं?” हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. ज्याच्या शेताला वाट नाही त्याच्यावर टायरचं गणित लादणं बरोबर नाही. शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ साली आली ती याच अडचणीपोटी. वाटेवर मुरूम पडला की लहान टायरची पिकअपही बांधापर्यंत जाते. तोवर शेतकऱ्याकडे एक जुना नियम आहेच: वाफसा नसताना तो औत घालत नाही, कारण ओल्या काळीत घातलेलं औत जमीन आवळून टाकतं. वाटेवरही तेच होतं. भर पावसात जोर करून एक रुंद टायरची गाडी गेली की तिने फाडलेली वाट वाळल्यावर दगडासारखी कडक होते आणि उरलेला हंगामभर गावाच्या गाड्या तिच्यावरून आपटत जातात. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडलं, की तीच वाट १८ पौंड हवेवर कंपनीच्या टायरने पार होते.

हवा कमी करण्यालाही धोके आहेत, ते लपवून चालणार नाही. १५च्या खाली गेल्यावर जोरात वळवलं तर टायर रिममधून सुटू शकतो. कमी हवेवर महामार्गाला लागलं तर टायरच्या भिंती तापून फुटण्याची भीती असते. म्हणून डांबर लागल्याबरोबर हवा भरायची, वेग नंतर. ज्याला हा उपद्व्याप नको, त्याने मोठ्या टायरच्या वाटेलाही जाऊ नये. आणि एवढं करूनही ज्याला सातपुड्याच्या वाटांसाठी एक माप वाढवायचंच आहे, त्याने रुंदी फार न वाढवता उंची घ्यावी, टायरवरचा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नाही हे पाहावं आणि चार नव्हे, पाच टायर घ्यावेत. चार चाकं जोडून चालणाऱ्या गाडीत एक स्टेपनी जुन्या मापाची राहिली, तर पंक्चर झाल्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि भार थेट गिअरवर येतो. पाचवा टायर मागच्या दारावर लटकतो, म्हणून बिल देण्याआधी त्या दाराचे बिजागर तेवढं वजन पेलतील का, हे मेकॅनिककडून बघून घ्यावं.