ओढ्यावरचं दळण

बंजारहून गुशैणीकडे जाणारा रस्ता तीर्थन नदीच्या काठाने जातो. आम्ही तो सोडून ओढ्याकडच्या पायवाटेला लागलो ते नुसत्या घरघरीमुळे. झाडीत दगडमातीची एक खोपी होती, वाकूनच आत शिरावं लागलं. हिमाचलात हिला घराट म्हणतात.

ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला पाट काढून वळवलेलं असतं. लाकडी पन्हळीतून ते वेगाने उतरतं आणि खोपीखालच्या आडव्या चाकाच्या तिरप्या पात्यांवर आदळतं. चाकाचा आस खालच्या तळीतून वर येऊन वरची तळी फिरवतो. मध्ये पट्टा नाही की दातेरी चाक नाही. चाकाचा एक फेरा, तोच दगडाचा एक फेरा.

मी खिळून राहिले ती एका काडीपाशी. धान्याची टोपली वर टांगलेली. तिच्या तोंडाशी अडकवलेली काडी फिरत्या दगडावर टेकते, थरथरते आणि त्या थरथरीने दाणे जात्याच्या तोंडात पडत राहतात. ओढ्याला पाणी वाढलं, दगड जोरात फिरला, की काडी जास्त हलते, दाणेही जास्त. पाणी उणावलं की आपोआप कमी. आजीचा हात असाच जात्याच्या गतीने वैरा घालायचा!

मक्याचं पीठ हाताला जेमतेम कोमट लागलं. विजेच्या चक्कीवरचं चटका देतं. घराटवाल्या काकांनी पिसणावळ पिठातच घेतली. तळी गुळगुळीत झाली की तेच छिन्नी घेऊन टाकी लावतात.

मी छत्रपती संभाजीनगरची. डोंगरातून नहरीने आणलेल्या पाण्यावर चालणारी आमची पाणचक्की १७४४ सालची. दर्ग्यावरच्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी तिथे दळण व्हायचं. आज आपण ती तिकीट काढून पाहतो. ती जपली हे चांगलंच झालं, पण तिथे कुणी दळण घेऊन येत नाही. काकांच्या खोपीत मात्र दोन बाया पिशव्या घेऊन पाळीची वाट पाहत होत्या.

घराटं बंद पडतात ती ओढा आटला, रस्त्याच्या कामात पाट तुटला किंवा गावात विजेची चक्की आली म्हणून. डेहराडूनच्या हेस्को संस्थेने उत्तराखंडात सुधारित चाकं बसवून अशी अनेक घराटं पुन्हा चालती केली आहेत. म्हणजे इलाज आहे. दळणारे मात्र हवेत. पहाडात गेलात आणि अशी घरघर कानावर आली, तर गाडी थांबवा. फोटो काढाच, पण किलोभर पीठही तिथूनच विकत घ्या.