अलाइनमेंटनंतर पिवळा दिवा जात नाही? गाडीचा ‘झिरो’ चुकला असेल!

व्हील अलाइनमेंट करून आणलं, किंवा सस्पेन्शनचं काम झालं. गाडी सरळ चालतेय, पण डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा काही जात नाही. अशा वेळी बरेच जण स्कॅनर लावून एरर कोड उडवतात. दिवा जातो आणि थोडं अंतर चाललं की परत येतो. कोड हा फक्त निरोप असतो. बिघाड बहुतेक वेळा स्टिअरिंग अँगल सेन्सरच्या ‘झिरो’मध्ये असतो.

हा सेन्सर करतो काय?

स्टिअरिंगच्या दांड्यावर बसलेला हा सेन्सर चाक किती अंश आणि कुठल्या बाजूला फिरवलंय ते सांगतो. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन वेढे फिरतं, म्हणून नुसतं ३६० अंशांपर्यंत मोजून भागत नाही. बऱ्याच सेन्सरमध्ये त्यासाठी दोन छोटी चाकं असतात आणि त्यांच्या दात्यांची संख्या वेगवेगळी असते. घड्याळात तासकाटा आणि मिनिटकाटा मिळून जशी नेमकी वेळ कळते, तसा या दोन चाकांवरून नेमका कोन कळतो.

हा आकडा ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलकडे जातो. १९९५ मध्ये मर्सिडीज एस-क्लासमध्ये आलेलं हे तंत्र आता आपल्याकडच्या अनेक गाड्यांत असतं. ड्रायव्हरला कुठे वळायचंय ते स्टिअरिंगवरून कळतं. गाडी खरंच किती वळतेय ते तुमच्या फोनमध्ये असतो तशाच जायरो सेन्सरवरून कळतं. दोन्हींत फरक पडला, तर ईएससी एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतं.

आता गाडी सरळ जातेय, पण सेन्सर सांगतोय ‘८ अंश डावीकडे’. हिशोब जुळत नाही म्हणून कॉम्प्युटर सहसा ईएससी बंद करतो आणि दिवा लावतो. म्हणजे पावसात, घाटात, जिथे त्याची गरज आहे नेमकं तिथेच ते नसतं. चूक पकडली गेली नाही, तर नको तिथे ब्रेक लागण्याचा धोका असतो.

झिरो म्हणजे नेमकं काय?

फोन तिरका करून खेळायचे रेसिंग गेम आठवा. ‘कॅलिब्रेट’ दाबाल तेव्हा फोन ज्या कोनात असेल, तोच गेमसाठी सरळ. आडवं पडून दाबलं, तर उठून बसल्यावर गाडी भलतीकडे जाणार. सेन्सरचंही तसंच आहे. रिसेट करताना चाकं तिरकी असतील, तर तो तिरका कोनच ‘सरळ’ म्हणून सेव्ह होतो.

आधी हे तपासा

टायरमधली हवा बघा. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू आणि सरळ गाडी चालवा. शेजारी बसलेल्याला स्कॅनरच्या लाइव्ह डेटामधला स्टिअरिंग अँगल वाचायला सांगा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

- स्टिअरिंग सरळ, पण आकडा शून्यापासून बराच लांब: झिरो चुकलाय, रिसेट हवा.
- स्टिअरिंग तिरकं आणि आकडाही तितकाच तिरका: सेन्सर बरोबर आहे, अलाइनमेंट चुकलंय.
- स्टिअरिंग तिरकं, पण आकडा शून्य: मागचा रिसेट चुकीच्या स्थितीत झालाय किंवा स्टिअरिंग काढून चुकीच्या दात्यावर बसवलंय.
- आकडा उड्या मारतो किंवा अडकतो: सेन्सर, वायर किंवा कनेक्टर खराब असू शकतो. इथे रिसेटचा उपयोग नाही.

एक लक्षात ठेवा. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या पोर्टला लागणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतात. स्टिअरिंगचे कोड बहुधा ‘सी’ने सुरू होतात आणि ते वाचायला तुमच्या मॉडेलच्या एबीएस युनिटशी बोलणारं ॲप किंवा गॅरेजचा स्कॅनर लागतो.

दुरुस्तीचा क्रम

१. आधी अलाइनमेंट. स्टिअरिंग सरळ लॉक करून दोन्ही बाजूंचे टाय रॉड सेट करायचे. स्टिअरिंग काढून एक दाता फिरवून बसवणं हा शॉर्टकट नको.
२. सपाट जागा, चाकं सरळ, इग्निशन चालू. स्कॅनरमधून स्टिअरिंग अँगलचं झिरो कॅलिब्रेशन करायचं.
३. त्यानंतर कोड पुसायचा.
४. शेवटी थोडं सरळ चालवून आकडा आणि दिवा दोन्ही बघायचे.

काही गाड्यांत, विशेषतः बॅटरी काढून जोडल्यावर, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि परत मध्ये आणलं की सेन्सर स्वतःच शिकतो. तुमच्या गाडीला हे चालतं का, ते मॅन्युअलमध्ये बघा. यूट्यूबवरची दुसऱ्या मॉडेलची ट्रिक आपल्या गाडीवर करू नका.

आणि स्टिअरिंग घरी उघडायचं नाही. आत एअरबॅग असते, ती चुकून उघडली तर गंभीर दुखापत होऊ शकते.

पुढच्या वेळी अलाइनमेंटचं बिल देण्याआधी एवढंच विचारा, “दादा, स्टिअरिंग अँगल झिरो केला का? लाइव्ह आकडा दाखवा ना.” सरळ चालताना तो शून्याच्या आसपास असेल, तर बिनधास्त पैसे द्या.